चौथा आणि पाचवा टप्पा

क्रीडा पानावर त्याला सगळे वेधशाळा म्हणत. नाव चेष्टेनं पडलं होतं. खऱ्या वेधशाळेनं पाऊस सांगितला की लोक छत्री घरी ठेवून निघतात, याचं मात्र नेमकं उलट होतं. बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगचे प्लेऑफ, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्या, सुरू झाल्या, की प्रत्येक मालिकेआधी पानाच्या उजव्या कोपऱ्यात त्याची चौकट यायची: कोण जिंकणार आणि किती सामन्यांत. सातपैकी चार सामने जो आधी जिंकेल तो पुढच्या फेरीत, एवढा साधा मामला. कोण जिंकणार हे शेंबडं पोरही सांगेल. खरी मेख आकड्यात असते. चारात, पाचात, सहात की पार सातव्यापर्यंत? वेधशाळेचा आकडा दहातून सात वेळा बरोबर यायचा, आणि उरलेल्या तीन वेळा तो पंचांना शिव्या द्यायचा.

बाकीचे पत्रकार सरासऱ्या मांडत, प्रशिक्षकांना चहा पाजत. हा मोजायचा टप्पे. खेळाडूला धक्का लागला की त्याला फ्री थ्रो, म्हणजे अडवणुकीशिवाय जाळीत चेंडू टाकायची संधी मिळते. घड्याळ थांबतं, सगळे बाजूला होतात आणि तो एकटा रेषेवर उभा राहतो. त्या वेळी प्रत्येकाची एक ठरलेली रीत असते. कुणी चेंडूचे दोन टप्पे घेतो, कुणी तीन, कुणी चेंडू बोटांवर फिरवतो, आणि मगच फेकतो. ही रीत खेळाडू झोपेतही मोडत नाही. मोडली, तर आत काहीतरी बिनसलेलं असतं. गुडघा दुखत असेल, बायकोशी भांडण झालं असेल किंवा दम पुरत नसेल. एक जादा टप्पा म्हणजे एक जादा श्वास. ही गोष्ट वेधशाळेला बावीस वर्षांपूर्वी उमगली आणि त्यानं ती कुणाला सांगितली नाही. टप्प्यांची वही कार्यालयात त्याच्या टेबलाच्या खणात कुलपात असे. बायकोला माहेरच्या दागिन्यांचं जेवढं अप्रूप नसेल तेवढं त्याला त्या वहीचं होतं.

नऊ वर्षांपूर्वी त्या वहीत एक नोंद झाली. निळ्या संघात तेव्हा एक उंच पोरगा मधल्या जागेवर खेळायचा. सगळे त्याला खांब म्हणत. सव्वीस वर्षांचा, हसरा आणि सात फुटांना दोन बोटं कमी. त्याचे टप्पे तीन. चार वर्षं तीनच. आणि मग त्याच्या पहिल्याच प्लेऑफच्या पहिल्या फेरीत वेधशाळेनं मोजलं, तर पाच. त्यानं डोळे चोळून पुढचा फ्री थ्रो पाहिला. पुन्हा पाच. चौथ्या आणि पाचव्या टप्प्याला खांबाची मान किंचित खाली जायची, आणि एकदा त्यानं डावा तळहात बरगड्यांखाली दाबून धरलेला वेधशाळेला स्वच्छ दिसला. दुसरी फेरी सुरू व्हायला आठ दिवस होते. वेधशाळेनं चौकटीत लिहिलं: ‘निळे हरणार. पाच सामन्यांत. खांब पाचव्यापुढे टिकत नाही.’

पाचव्या सामन्याच्या तिसऱ्या सत्रात खांब रेषेवर उभा राहिला, त्यानं पाच टप्पे घेतले, चेंडू फेकला आणि तो जाळीतून खाली येण्याआधी स्वतः खाली पडला. पुन्हा उठलाच नाही. हृदयाचं काहीतरी होतं, म्हणे. कुणाला काही कल्पना नव्हती, असं क्लबनं सांगितलं.

कुणाला कल्पना नव्हती. वेधशाळेला मात्र होती. मरेल असं वाटलं नव्हतं, हे खरं. पोराला दम लागतोय, काहीतरी चांगलं नाही, इतकं मात्र त्याला पुरतं कळलं होतं. क्लबच्या डॉक्टरांचा नंबर त्याच्या डायरीत होता. फोन केला असता तर डॉक्टरांनी पोराला बाहेर बसवलं असतं. पण मग वहीचं गुपित फुटलं असतं, आणि पोरगा खेळलाच नसता तर आकडा कशाच्या जोरावर सांगायचा? म्हणून तो मूग गिळून बसला. सरळ सांगायचं तर एका आकड्यासाठी बसला. आणि आकडा बरोबर आला. कार्यालयात तेव्हाच्या संपादकांनी हळू आवाजात म्हटलं होतं, “काय नजर आहे हो तुमची.”

तेव्हापासून त्याला टप्पे ऐकू येऊ लागले. पाचही नाहीत, दोनच. पहिले तीन कधी यायचे नाहीत. दुपारी घरी पेपर उघडून बसला, की छताच्या पलीकडून चौथा आणि पाचवा. ठप्प. ठप्प. आणि मग शांत. तो चेंडू जाळीत गेल्याची वाट पाहायचा, पण ते कधी ऐकू येत नसे. पहिल्या वर्षी त्यानं बायकोला वर तक्रार करायला पाठवलं. ती परत आली ती कमरेवर हात ठेवून.

“वरचे आजोबा दीड वर्ष अंथरुणात आहेत. ते चेंडू आपटतायत?”

“मग कोण आपटतंय?”

“मला तर काही येत नाही ऐकू. कान दाखवून घ्या.”

त्यानं कान दाखवले. कान ठणठणीत निघाले. पुढे वरचे आजोबा वारले, जागा रिकामी राहिली, टप्पे चालूच राहिले. कार्यालयाच्या जिन्यात, दाढी करताना, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंडात यंत्र असताना. त्यानं त्याचा उल्लेख करणं सोडून दिलं.

आणि दर वर्षी प्लेऑफच्या आधी कार्यालयाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड यायचं. खांबाच्या आईचं. अक्षर गोल आणि मजकूर एकच ओळ: ‘तुम्हाला कसं कळलं?’ शिवी नाही, शाप नाही, खाली पत्ता मात्र पूर्ण. अशी नऊ कार्डं वहीच्या शेजारी पडली होती. एकाचंही उत्तर त्यानं दिलं नव्हतं.

यंदा निळ्या संघात खांबाचा धाकटा भाऊ आला. बावीस वर्षांचा, थोरल्याहून चार बोटं बुटका, पण उभं राहण्याची ढब तीच. सगळे त्याला धाकटाच म्हणायचे. त्याचा हा पहिलाच मोसम. वर्षभर वेधशाळेनं त्याचे टप्पे मोजले होते, आणि दर वेळी तीन निघाले की त्याचा जीव भांड्यात पडायचा. मग प्लेऑफची पहिली फेरी सुरू झाली. पहिल्याच सामन्यात धाकटा रेषेवर गेला. एक, दोन, तीन.

चार. पाच.

वेधशाळेच्या हातातली पेन्सिल खाली पडून खुर्च्यांखाली गेली. शेजारच्या पत्रकारानं विचारलं, “काय हो, बरं वाटत नाही का?” तो वाकून पेन्सिल शोधू लागला. सामन्यात धाकटा सहा वेळा रेषेवर गेला आणि सहाही वेळा पाच टप्पे घेऊन फेकला. चौथ्या आणि पाचव्याला मान किंचित खाली. हुबेहूब.

ती फेरी निळ्यांनी चारात जिंकली. दुसऱ्या फेरीला चार दिवस होते. क्रीडा पानाची प्रमुख, त्याच्या मुलीच्या वयाची, खुर्ची ओढून त्याच्याजवळ आली.

“काका, चौकट द्या ना. कोण आणि कितीत?”

“उद्या देतो.”

“उद्या उद्या करत बुधवार आला. एरवी तुमचा आकडा तुमच्या आधी येऊन बसतो.”

“उद्या म्हटलं ना!” तो खेकसला. ती पोर बिचारी खुर्ची ओढत परत गेली, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

घरी गेल्यावर त्यानं डायरी काढली. क्लबचे डॉक्टर अजून तेच होते. या वेळी त्यानं नंबर फिरवला आणि आधी घसा खाकरून मग सगळं एका दमात सांगितलं, की धाकट्याचे टप्पे वाढलेत, पोराला दम लागत असणार, तपासा. पलीकडे डॉक्टर हसले.

“टप्पे मोजून हृदय तपासायला लागलात? अहो, त्याच्या भावाचं झालं तेव्हापासून या पोराला आम्ही दर तीन महिन्यांनी यंत्रात घालतो. घोड्यासारखा आहे.”

“आणखी एकदा घाला. माझ्यासाठी म्हणून.”

डॉक्टरांचं हसू थांबलं. “घालतो. उद्याच घालतो.” मग ते म्हणाले, “नऊ वर्षांपूर्वी असा एखादा फोन आला असता तर.”

वेधशाळेनं रिसीव्हर ठेवला. डोक्यावर टप्पे पडत होते, आणि वरची जागा तर रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा निरोप आला: सगळं उत्तम, काळजी नको. दुसरा कुणी असता तर सुटकेचा नि:श्वास टाकून चौकट लिहायला बसला असता. पण थोरल्याच्या बाबतीतही ‘सगळं उत्तम’च होतं. यंत्रापेक्षा त्याचा टप्प्यांवर विश्वास होता, आणि तो विश्वास एकदा खरा ठरला होता. क्लब काही केल्या पोराला बसवणार नव्हता. बसवू शकणारं माणूस एकच होतं. त्यानं खणातलं सगळ्यात वरचं पोस्टकार्ड खिशात घातलं आणि बस पकडली.

खांबाची आई शिवणकाम करायची. पहिल्याच खोलीत मशीन होतं, बाजूला कपड्यांचे ढीग, तिच्या गळ्यात मोजपट्टी. वेधशाळेनं नाव सांगायची गरज पडली नाही, वर्तमानपत्रात फोटो येत असे. ती दारातून बाजूला झाली. आत जाताना त्याची नजर वर गेली. दाराच्या चौकटीला वरच्या अंगाला स्पंज ठोकला होता, त्यावर फुलाफुलांचं कापड शिवून. आतल्या दाराला पण तसाच. दोन्ही पोरं डोकं आपटून घेत असणार.

“नऊ वर्षं लागली होय उत्तर द्यायला?” ती म्हणाली. “बसा भाऊ. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो.”

तो बसला. येताना बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं कुठे गेली कोण जाणे. “ताई, धाकट्याला खेळू देऊ नका,” तो एकदम म्हणाला.

तिनं ढिगातून उचललेलं कापड परत ठेवलं. “का?”

मग त्यानं सांगितलं. वही, टप्पे, तीनाचे पाच, मान खाली जाणं, बरगड्यांखालचा तळहात. आपण काय पाहिलं आणि काय लिहिलं. आणि काय केलं नाही, तेही. “आठ दिवस होते माझ्या हातात. डॉक्टरांचा नंबरही होता. फोन केला नाही. केला असता तर माझा आकडा चुकला असता म्हणून.” हे वाक्य त्यानं स्वतःशीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. बोलून झाल्यावर खोलीत इतकी शांतता झाली, की टप्पेही ऐकू येईनात. “आता धाकटाही पाच घेतोय. डॉक्टर म्हणतात ठीक आहे. माझा नाही विश्वास बसत. तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल.”

तिनं मोजपट्टी गळ्यातून काढली आणि बोटाभोवती गुंडाळू लागली. पूर्ण गुंडाळून झाल्यावर म्हणाली, “त्याला काही झालेलं नाही.”

“ताई, पण…”

“तो मुद्दाम घेतो पाच. दादा प्लेऑफमध्ये पाच घ्यायचा ना, म्हणून. तेरा वर्षांचा होता तेव्हा. टीव्हीसमोर बसून मोजायचा, मागच्या अंगणात तस्संच करून बघायचा, मान पण तश्शीच. मला म्हणायचा, आई, एरवी तीन आणि प्लेऑफला पाच, ही दादाची ऐट आहे. मी मोठा झालो आणि प्लेऑफ खेळलो, की मी पण पाच घेणार. आता पोचला तिथपर्यंत. घेतोय.”

वेधशाळेला आधी बरं वाटलं. आपलंच भाकीत खोटं ठरल्याचं बरं वाटायची त्याच्या आयुष्यातली ही पहिली वेळ. पोरगा धडधाकट होता, पोरगा जगणार होता. आणि मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. ती ज्याला नऊ वर्षं ऐट समजत होती, त्याचा अर्थ तो आत्ता तिच्या घरात बसून तिला सांगून मोकळा झाला होता.

“म्हणजे ती ऐट नव्हती,” ती म्हणाली.

“नव्हती, ताई.”

“मलाही दिसले होते हो पाच.” तिचा आवाज अगदी नेहमीचा होता, कुणाच्या पाटलोणीची उंची सांगावी तसा. “आईला पोराचे टप्पे माहीत नसतील? मी फोनवर विचारलंसुद्धा. म्हटलं, तीन घेत होतास, आता पाच का रे? तर म्हणाला, आई, मोठ्या सामन्यात मोठी ऐट. आणि हसला. मी पण हसले.” तिनं मोजपट्टी सोडली, ती आपोआप उलगडत जमिनीवर गेली. “मी हसले भाऊ. मनात जरा पाल चुकचुकली होती, नाही असं नाही. पण म्हटलं, आपल्याला काय कळतंय त्यातलं. तिथे एवढी जाणती माणसं बसलेली असतात. काही असतं तर त्यांच्या नजरेतून सुटलं नसतं.”

तिनं त्याला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तो तिथेच, त्या चार पायांच्या धड खुर्चीवर, पन्नाशी उलटलेला माणूस हुंदके देऊन रडला. तिनं त्याला पाणी आणून दिलं. तो प्यायला, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

“तुम्ही वाईट चिंतलं नाहीत, इतकं मला कळतं,” ती शेवटी म्हणाली. “पण मी तुम्हाला माफबिफ करणार नाही. माझ्याच्यानं होणार नाही ते.”

“मी मागायला आलोही नाही.”

“मग एक करा. धाकट्याला यातलं काही कळता कामा नये. कध्धी. तो त्या दोन टप्प्यांत भावाला भेटतो. भेटू दे. त्याला कळलं तर तो ते दोन घेणार नाही, आणि मग थोरला गेलाच म्हणायचा.”

“शब्द देतो.”

“तुमच्या शब्दाचं मला काय. तोंड बंद ठेवायची सवय आहे तुम्हाला, तीच वापरा.” दारापर्यंत ती त्याला पोचवायला आली. “आणि आता कार्ड येणार नाही. उत्तर मिळालं.”

त्यानं त्या वर्षी चौकट दिलीच नाही. पानाच्या प्रमुख पोरीला म्हणाला, आकडा दिसत नाहीये, वय झालं. तिनं त्याच्या जागी दोन पोरांना बसवलं, त्यांनी संगणकावर भराभर टक्केवाऱ्या काढल्या. वही त्यानं खणातून घरी आणली आणि कपाटाच्या तळाशी ठेवली. तीन दिवस छतावर काहीही वाजलं नाही. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की आपण कान देऊन बसलोय, आणि काही ऐकू येत नाही म्हणून कासावीस होतोय.

दुसऱ्या फेरीच्या सहाव्या सामन्याला तो गेला. दुपारचा सामना, खचाखच भरलेलं मैदान. या वेळी पत्रकारांच्या रांगेत न बसता तो तिकीट काढून समोरच्या बाजूला बसला. खांबाची आई पलीकडे तिसऱ्या रांगेत होती. क्लब दर सामन्याला तिची जागा राखून ठेवी. शेजारच्या बाईशी ती काहीतरी बोलत होती, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, की या घरात सगळं छान चाललंय.

शेवटचं मिनिट उरलं होतं. निळे एका गुणानं मागे. धाकट्याला कोपर लागलं, पंचांनी शिट्टी फुंकली, दोन फ्री थ्रो. मैदान गप्प झालं. धाकटा रेषेवर आला, आईकडे बघून हसला आणि त्यानं चेंडू खाली टाकला.

वेधशाळा चेंडूकडे बघतच नव्हता. तो तिच्या ओठांकडे बघत होता. ती मोजत होती, नऊ वर्षं टीव्हीवरची जुनी चित्रणं लावून मोजत आली असेल तशी. एक. दोन. तीन. तिथे तिचे ओठ मिटले. चौथ्या टप्प्याला तिनं खुर्चीची कड धरली, आणि पाचव्याला तिचा सगळा चेहरा असा आवळला गेला, की आपल्याच बरगड्यांखाली कुणीतरी तळहात दाबून धरलाय असं त्याला वाटलं. नऊ वर्षं जे त्याला एकट्याला ऐकू येत होतं ते आता तिला ऐकू येत होतं. ते त्यानंच तिच्या घरी नेऊन पोचवलं होतं.

चेंडू जाळीतून गेला. बरोबरी झाली. सगळं मैदान उभं राहिलं, लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. धाकट्यानं वळून आईला हाताची पाच बोटं दाखवली, थोरल्यासाठी.

तिनं लगेच हात वर केला. पाचही बोटं पसरून, तोंडभर हसून. तो पुन्हा रेषेकडे वळेपर्यंत तिनं तो हात तसाच वर धरून ठेवला, आणि मग हळूच खाली घेऊन स्वतःच्या तोंडावर दाबला.

पंचांनी चेंडू धाकट्याच्या हातात दिला. अजून एक फ्री थ्रो बाकी होता.